पाच बोटं

बुशायरच्या तारघरात मी तेव्हा नवा होतो,
बाविशीचा, दाभोळहून आलेला, हरबा टिपणीस.
पगार पासष्ट रुपये, आणि शपथ एकच:
तारेतलं तारेतच ठेवायचं.
कडकट्ट ऐकायचं, लिहायचं, पुढे ढकलायचं.
कान सरकारचे. तोंड नव्हतंच.

डिसेंबरात ती आली.
बंदर उथळ, म्हणून बाहेरच थांबली,
आणि सगळं गाव गच्च्यांवर चढून धुराडी मोजू लागलं.
एक, दोन, तीन, चार,
चारानंतरही एक होतं.
आमच्या साहेबांच्या गनबोटीला एकच,
तेही दम्याच्या म्हाताऱ्यागत खोकणारं.
खजूरवाल्यांनी तोंडात बोटं घातली.
साहेब म्हणाला, धुराड्यांनी काय होतंय?
आणि रात्री तीन तारा कलकत्त्याला गेल्या,
तिन्हीत आकडा तोच.
मोर्समध्ये पाच म्हणजे पाच ठिपके,
मध्ये एकही रेघ नाही.

खलफ नाखवा तिच्यावर मेंढ्या आणि गोडं पाणी घेऊन गेला
तो भारावूनच परतला.
तेलावाचून जळणारे दिवे, म्हणाला,
काळा आंबूस पाव, पितळी वाजंत्री,
आणि एक लाल केसांचा पोरगा खलाशी,
जो याच्या डाव्या हाताकडे बघून
आपला हात खिशात घालून उभा राहिला.
खलफला त्या हाताची करंगळी नव्हती.
मोत्यांच्या एका हंगामात दोराने नेली होती.

ती गेली, पण तो विचारत राहिला,
मुन्शी, कुठे आहे ती?
आमची भाषा अर्धी फारशी, अर्धी हिंदुस्तानी.
त्याला कसं सांगू, की माझ्या मराठीत
बोट म्हणजे ती,
आणि बोट म्हणजे हेही,
जे तो माझ्या नाकासमोर नाचवत होता!

मग चौथं साल. ऑगस्टची भट्टी.
जपानची लढाई माझ्या कानातून गेली.
वेढा फोडून ती एकटी निसटली,
शांघायला पोचली, अंगाची चाळण,
शेवटचं धुराडं गोळ्याने उडवलेलं.
संध्याकाळी धक्क्यावर खलफने विचारलं.
शपथ तोंडाची होती. मी तोंड उघडलं नाही.
पंजा वर केला आणि करंगळी मिटली.
कितीतरी वेळ त्याने आपला डावा हात
माझ्या हाताशेजारी धरून ठेवला.
पुढे चहाखान्यात सांगत सुटला,
रशियाकडे माझी एक बहीण आहे.

जिवावरचं बोटावर निभावलं, म्हणतात आमच्याकडे.
नवं धुराडं बसवल्याचं मी त्याला कधीच कळवलं नाही.

नंतर साहेबाचा शत्रू साहेबाचा दोस्त झाला.
ती इंग्रजांच्या शेजारी उभी राहून तुर्कांवर तोफा डागू लागली,
गोरे शिपाई तिला लाडाने सिगारेटचं पाकीट म्हणत.
फ्रान्सच्या बंदरात बंडाचा वास आला म्हणून
तिच्याच चार पोरांना पहाटे गोळ्या घातल्या.
त्यात तो लाल केसांचा होता का? तारेत केस येत नाहीत.
हे मी बोटांनी सांगू शकलो नाही:
चार मिटली तर उरतो अंगठा,
आमच्याकडे नकार, त्यांच्याकडे शिवी.

झार गेला, झेंडा गेला. उत्तरेच्या बर्फात
इंग्रजांनी तिला धरलं, नाव पुसून दुसरं लिहिलं.
शेवटी जर्मनीत, जिथे तिचा पहिला पत्रा ठोकला होता
त्याच मुलखात, भंगाराच्या भावाने.
खलफ तोवर एन्फ्लुएंझात गेला होता.
विचारणारं कुणी नव्हतं.

त्या रात्री पाळीवर
मी जास्कला पाच ठिपके पाठवले.
पलीकडून ब्रागांझाने विचारलं, चूक झाली का?
चूक झाली तर आठ ठिपके मारतात,
आणि पेंगुळल्या कानाला पाच काय, आठ काय.
दांडीवर बोट ठेवून मी बसून राहिलो.
मग कळवलं: चूक नाही. आकडा होता.
कशाचा, ते त्याने विचारलं नाही.
शपथ त्यालाही होती.