दिसला, लागला नाही

व्हर्लिन टोलेफसनच्या वहीत अकरा रकाने आहेत.
तारीख. चंद्राची कला. चंद्र डोक्यावर किती वाजता,
पायाखाली किती वाजता
(पायाखाली म्हणजे पृथ्वीच्या पार पलीकडे,
तळ्याच्या, गाळाच्या, खडकाच्या खाली,
कुणाच्या तरी परक्या आभाळात).
उदय, अस्त. हवेचा दाब. वारा. ढग. पाणी किती गार.
अकरावा रकाना मासा.
तिथं सत्तावीस वर्षं बहुतेक शून्यंच,
पण प्रत्येक शून्य गोल, नीट बंद केलेलं,
जसं काही कुणी तपासायला येणार आहे.

दहा हजार वेळा गळ फेका, एकदा मस्की लागेल,
असं उत्तर विस्कॉन्सिनमध्ये म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी मोजलेलं नाही. व्हर्लिन मोजतो.

त्याची मेहुणी आर्डिस आमिषं विकते, आणि चंद्राला मानत नाही.
‘चंद्र फुकट मिळतो,’ म्हणते, ‘म्हणून पुरुषांना आवडतो.’
तिच्या गल्ल्यामागे भिंतीवर पितळी वायुभारमापक आहे.
काटा उतरायला लागला की मासा तोंड उघडतो.
वादळ सरून काटा चढला,
आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख झालं,
की घरी बसावं, बटाटे सोलावेत.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदा जमलं.
सकाळपासून काटा घसरत होता.
आणि अमावास्या.
चंद्र, जो दिवसभर दिसलाच नव्हता,
चार बेचाळीसला मावळणार होता.
आर्डिसनं दुकानाला कुलूप लावलं,
नवऱ्याचा जुना कोट चढवला, होडीत येऊन बसली.
‘तुझ्या चंद्रासाठी नाही आले,’ एवढंच बोलली.

काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता.
व्हर्लिन तो तोंडात धरून वितळवायचा, पुन्हा फेकायचा.
वीतभर लाकडी मासा, लाल डोळ्याचा,
लव्हाळ्याच्या कडेला टप्प. मग ओढ. मग टप्प.
पश्चिमेकडून हिमाचे कण आले, मोहरीएवढे,
पाण्यात पडताना आवाज न करणारे.

मग लाकडी माशामागे
पाण्याचाच एक तुकडा लांब झाला.

मांडीएवढा जाड. अंगावर सावल्यांचे पट्टे.
घाई नाही. पाठलागही म्हणता येणार नाही,
घराचा मालक पाहुण्याला दारापर्यंत
सोडायला निघावा, तसा.

अशा वेळी काठीचं टोक पाण्यात बुडवून
होडीलगत आठ काढायचा असतो.
आपला नाही, इंग्रजी आठ,
ज्यातून बाहेर पडायला वाट नसते.
व्हर्लिननं अर्धा काढला. मासा वळला.
त्याच्या डोळ्यात होडी मावत होती,
आर्डिसचा कोटसुद्धा.
अजून एक वळण,
फक्त एक,

आणि व्हर्लिननं मनगटाकडे पाहिलं.

चार बेचाळीस.

तेवढ्यात हात थबकला.
पाण्यात राहिला तो आपला मराठी आठ,
खालून उघडा.
त्या उघड्या बाजूनं मासा
न बिचकता, न वळता खाली गेला,
जिथं चंद्रही नुकताच गेला होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्यानं हातमोजा दातांनी काढला, वही उघडली,
ओल्या बोटांनी लिहिलं:
४:४२. चंद्र बरोबर. दाब बरोबर.
दिसला, लागला नाही.
अकराव्या रकान्यात शून्य काढलं,
या वेळी जरा वाकडं.

आर्डिसनं तळवा पुढे केला.
‘दे.’
त्यानं पट्टा सोडून घड्याळ तिच्या हातावर ठेवलं.
तिनं ते नवऱ्याच्या कोटाच्या खिशात टाकलं,
जिथं एक जुनी किल्ली होती, कशाची ते आता कुणाला आठवत नाही.

काटा अजून उतरतच असणार.
‘फेक,’ ती म्हणाली.