तंग

तंग आवळायला गेलो की शेवरी मान वळवून
माझ्या दंडाला दात लावायची.
तिसऱ्या रविवारी बाहीच गेली शर्टाची.
टेबललँडवरचे म्हणाले, माजलीय.
बशीरचाचा म्हणाला, दृष्ट असेल.
मी चाबकाच्या दांड्यानं समजावलं तिला.
हे लिहून ठेवतो, खोडता येत नाही म्हणून.

मग पाटीत भरडा उरायला लागला.
रात्री पत्र्याखाली दात चावायची,
दाणा न घालता जातं ओढावं तसा आवाज.

भिलारहून कळंत्रे डॉक्टरीणबाई आल्या, गमबुटात.
विचारलं, दिवसभर खाते काय?
पहाटे पाटीभर भरडा. मग गिऱ्हाईक. मग रात्री.
"आणि मधे?"
मधे लगाम.
"इथंच घोडं पेंड खातंय, सुभाना."

म्हणाल्या, हिच्या पोटात आम्लाचा झरा
चोवीस तास चालू, जेवण असो नसो.
चघळलं तर लाळ सुटते, लाळेनं ते निवतं.
रिकाम्या पोटी पळवलीस
की हिंदकळून वर लागतं, जिथं अस्तर नाजूक.
तिथं व्रण.
आणि घोड्याला ओकताही येत नाही.

लंगडत होती तेव्हा दुखण्याच्या पुड्या
मी दिलेल्या, कुणाला न विचारता, पंधरा दिवस.
तेही सांगितलं. त्या नुसतं लिहीत राहिल्या.

पोटात दुर्बीण घालून बघायचं तर पुणं.
तेवढे पैसे नव्हते, म्हणून लक्षणांवरच उपचार:
पहाटे अनशापोटी जिभेवर मलम,
तासभर थांबून गवत,
महिनाभर खोगीर खुंटीला.
एक नळी म्हणजे सहा फेऱ्या.
नाव वाचलं तर माझ्याच खिशातल्या गोळीचं!
वीस वर्षं कोऱ्या चहावर मी जळतोय,
मला कुणी माजलाय म्हटलं नाही.

आता अड्ड्यावर जाळीत गवत टांगलेलं असतं,
भरडा निम्मा, जोडीला लसूणघास.
गिऱ्हाईक म्हणतं, अहो, हा खातोच आहे, निघायचं कधी?
ही आहे, म्हणतो. चार घास होऊ देत.

तंग आता दोन दमांत आवळतो,
आधी पोटावर हात ठेवून.
ती मान वळवते.
बहुतेक वेळा नुसतं हुंगते, शिवलेली बाही.
कधी कधी दात लावतेच.
पोट भरलंय म्हणतात बाई.
ते दात पोटातनं येत नसावेत.