डावीकडचा उजेड

दारखानच्या रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक गाडी
दुलमाला दिवे मारायची.
तिला वाटायचं, माणसं ओळख दाखवतायत.
तीही दिवे मारून हसायची.
महिनाभर असंच.

मग नारमंदाखनं गाडी भिंतीसमोर उभी केली,
दहा पावलं मोजून.
खडूची रेघ ओढली, दिवे लावले.
उजेड रेघेखाली सपाट,
फक्त डावीकडे पायरी चढल्यासारखा वर.

'जपानची आहे ही,' तो म्हणाला,
'तिथं डावीकडे रस्त्याची कड. पाट्या, सायकली,
शिकवणीहून उशिरा निघालेली पोरं.
ते बघायची सवय हिला.
इथं डावीकडे लोकांचे डोळे आहेत.'

'चिकटपट्टी लावून दे ना.'
'तपासणीवाला नखानं काढेल.'
'मग खाली वाकवून दे.'
'मग तुलाच काही दिसायचं नाही.'

आईच्या शेळ्यांच्या लोकरीचे पैसे आले
तेव्हा दिवे बदलले.
जुने तिनं खोक्यात ठेवले, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून.
त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्या रात्री समोरून ट्रक आला, गेला.
दुसरा आला, गेला.
कुणी काही म्हणालं नाही.
तिला जरा एकटंच वाटलं.

आणि उजवीकडे, कडेला,
जिथं आजवर नुसता काळोख असायचा,
चाक बदलणारा एक म्हातारा,
शेजारी बॅटरी धरून उभी, पेंगणारी नात.

दुलमानं गाडी थांबवली.
इंजिन बंद होताना आतली बाई
जपानीत काहीतरी बोलली,
रोज बोलते तेच.