मंगळवार, सकाळी दहा

टाउनोच्या निळ्या वहीत सगळं आहे.
पेन्शनच्या पत्रातला आकडा, त्यातून वजा कर,
वजा दात, वजा छप्पर.
छप्पर अजून अकरा वर्षं टिकेल, असं तो म्हणतो.
छप्पर काही म्हणत नाही.

निवृत्तीला सहा वर्षं आहेत
आणि यानं सौनाच्या पायऱ्यांना आत्ताच कठडा ठोकला.
"कुणासाठी रे?"
"येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी," म्हणाला,
जणू कुणी पाहुणा हेलसिंकीहून गाडीत बसलाय
आणि आपण त्याची खाट घालून ठेवायची.

न्हाणीघराचं दार मोजलं : चाकाची खुर्ची जाते,
कोपरं आखडून घ्यावी लागतील, एवढंच.
बर्चचे ओंडके फोडून रचले,
प्रत्येक थप्पीवर खडूनं साल.
ओलं लाकूड नुसतं धुमसतं, दोन उन्हाळे द्यावे लागतात त्याला.

वही मी त्याच्या पाठीमागे उघडली, खोटं कशाला बोलू.
शेवटपर्यंत आकडेच.
खाली पेन्सिलनं लिहिलं :
मंगळवार, सकाळी दहा?

तीन दिवस गप्प.
चौथ्या दिवशी बिनपगारी रजा टाकून आला.

तो मंगळवार, देवा!
साडेपाचला उठला, गुळगुळीत दाढी केली,
जायचं कुठेच नव्हतं.
मांजराला दोनदा खाऊ घातलं.
दहाला स्वयंपाकघरात मोज्यांवर उभा,
एकतीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन ज्याच्या तळव्यांतून बोललं, तो.
"केर्त्तू, घर बंद पडल्यासारखं वाटतंय."

बंद पडलेल्या यंत्राचं काय करायचं, ते त्याला कळतं.
घराला पाना कुठे लावणार?

मी निघाले होते माझ्या मधमाश्यांकडे.
(माझं नाव वहीत कुठल्याच रकान्यात नव्हतं.
शाळेच्या भटारखान्यातून सुटले की
मला तेरा पेट्या हव्यात. आत्ता चार आहेत.
हे त्यानं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.)
जुनी जाळीची टोपी त्याच्या डोक्यावर दाबली.
बसेना.

तिसऱ्या पेटीशी तो वाकला, फळीला कान लावला,
डोळे मिटले,
इंजिनखोलीत मिटत असेल तसे.
बराच वेळ.
"चाललंय," म्हणाला.

कानाची पाळी सुजून वांग्यासारखी झाली.
रात्री वहीत नवी ओळ :
टोपी, मोठ्या मापाची, एक. किंमत विचारणे.
आणि तिच्याखाली, खोडरबरानं दोनदा पुसलेल्या जागी,
के.