न म्हणायचा बी

गुरुवारी सहाला बियाणं कंपनीची शिफ्ट सुटते.
हातांवर औषधाचा गुलाबी रंग,
धुतला तरी नखांत राहतो,
तसाच घेऊन मी जाते
जालन्याच्या मिशन दवाखान्यामागं, पत्र्याच्या हॉलात.

एस्तेरबाई शिनगारे. रिटायर सिस्टर.
चष्म्याला दोरी, पायात पुरुषी सँडल.
हजेरी घेत नाहीत, चहाचे कप मोजतात.

रोलिंग मिलमधला उद्धव येतो.
नर्सिंगला परदेशी निघालेली रूथ कसबे येते.
गफूर टेलरची नसीम, तिला फक्त
कस्टमर केअरशी भांडायचंय इंग्रजीत.
आणि मी. मला डिस्पॅचच्या टेबलावर बसायचंय,
पंखा तिथंच आहे.

निळ्या रेक्झिनचं बायबल,
डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी.
डावी बाजू बाई वहीनं झाकतात.
एकेकानं एकेक वचन.
आधी जीभ, मग अर्थ.

"लॅम," बाई म्हणाल्या. "कोकरू.
शेवटी बी आहे, पण म्हणायचा नाही."
कामून?
"लिहायचा. म्हणायचा नाही. असतंय तसं."

मला लगेच कळलं.
खोली भाड्यानं घेताना
आधारकार्डाची झेरॉक्स दिली होती मी,
मालकिणीनं न बघताच घडी घातली.
नाव काय म्हणाली. वनमाला म्हणाले.
पुढं?
पुढं काही नाही, वनमालाच.

तीच परवा दारात उभी राहून म्हणाली,
जपून गं, तिथं पाणी शिंपडून नाव बदलतेत.
नाव तर मी
तिच्याच उंबऱ्यावर बदललं होतं.

मग एका गुरुवारी विहिरीचं पान आलं.
भर दुपारी एक बाई पाण्याला येते, एकटी.
काठावर दमून बसलेला एक माणूस,
त्यांच्यातला, तिच्यातला नव्हे,
तिच्याकडं पाणी मागतो.
ती दचकते.

उद्धव म्हणाला, पाणीच मागितलं ना,
त्यात दचकायचं काय एवढं?
कुणीच बोललं नाही.
रूथ टेबलावरचा चहाचा गोल डाग
बोटानं पुसत राहिली.

माझ्या आजीची घागर
विहिरीपासून पाच हात लांब असायची.
कुणी येईल, वरून ओतील,
तोवर तिनं उन्हात उभं राहायचं.
मी पाहिलेलं नाही. आई सांगायची,
सांगताना पाच हात मोजून दाखवायची.

बाईंनी वही काढायच्या आधीच
मला ते पान समजलं होतं.
इंग्रजी पहिल्यांदाच
मराठीच्या पुढं धावत आली.

"वेल. ओठ गोल कर. वेल म्हणजे विहीर.
कुणी तब्येत विचारली तरी वेल, म्हणजे बरी आहे."
मंग आय ॲम वेल म्हणजे
मी विहीर आहे?
नसीम इतकी हसली की चहा सांडला.
बाई हसल्या नाहीत.
"चूक आहे," म्हणाल्या. "पण म्हण. मोठ्यानं म्हण."

शेवटी प्रार्थना असते.
ते डोळे मिटतात, मी उघडे ठेवते.
माझ्या खोलीत भिंतीवर दुसरा फोटो आहे.
बाई एकदा घरी आल्या, तापाची गोळी घेऊन.
फोटोकडं बघितलं,
हार वाळलाय म्हणाल्या, बदल,
आणि गोळी जेवणानंतर घे.

सोमवारी डिस्पॅचच्या साहेबानं बोलावलं.
हाऊ आर यू.
ओठ गोल केले. म्हणाले.
नेम?
नाव सांगितलं, बापाचं सांगितलं,
आणि ते, पुढचं.
म्हणायचं नसतं ते अक्षर म्हणाले.

त्यानं लिहून घेतलं, स्पेलिंग चुकवलं.
मी वाकून त्याच्याच पेनानं दुरुस्त केलं.
कागदावर थोडा गुलाबी डाग पडला.

पंख्याचं अजून काही कळवलेलं नाही.