अर्धा दिवस जादा

बिल आधी माझ्याच टेबलावर येतं.
दोन दिवस, सहा अधिकारी, एक कॅमेरा, दोन दिवे,
मुंबईच्या बाईंचं विमान, अलकापुरीतलं हॉटेल,
वर अठरा टक्के.
तीन लाख एक्क्याऐंशी हजार एकशे चाळीस.
मी शिक्का मारतो: तपासले.
काय तपासले, ते शिक्का सांगत नाही.

मार्चमध्ये पादरा रोडवर आमच्या फाटकासमोर
चॅनेलवाल्यांच्या गाड्या उभ्या असायच्या.
अमीनसाहेब पहिल्या दिवशी काचा वर करून निघून गेले.
दुसऱ्या दिवशी काच खाली करून म्हणाले,
"जे झालं ते झालं,"
आणि ती पाच अक्षरी-सहा अक्षरी वाक्यं
बडोद्यातल्या प्रत्येक फोनवर फिरली,
माझ्या मेहुण्याच्यासुद्धा.
म्हणून हे शिक्षण.

हात कुठे ठेवायचे. रेघांचा शर्ट घालायचा नाही.
मृत्यू म्हणायचं नाही, घटना म्हणायचं.
नगीन राठवा म्हणायचं नाही,
"आमच्या कुटुंबातला एक सदस्य" म्हणायचं.
(माझ्या रजिस्टरात तो असाही नव्हता, तसाही नव्हता.
कंत्राटी, संख्या चौदा,
त्यातला तो कितवा, मला आजही माहीत नाही.)
आणि अडचणीचं काही विचारलं, तर बाई म्हणाल्या,
"आधी मान हलवा. मग म्हणा, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे.
मग पूल टाका, आणि पुलावरून पलीकडे निघून जा."
काळा घोड्याच्या पुलाखाली आमच्या गावात
मगरी ऊन खात पडलेल्या असतात,
हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खोटा पत्रकार हवा होता.
पर्सोनेलच्या मुलाला ताप.
"घोरपडेभाई, तमे बेसो ने जरा."
हातात नऊ प्रश्नांचा कागद दिला,
तोंडावर दिवा.
आठ मी नीट वाचले. साहेब आठ वेळा पूल ओलांडून गेले,
प्रत्येक वेळी थोडे अधिक डौलात.
नववा प्रश्न पर्यावरणदिनाच्या रोपांबद्दल होता.
मी विचारलं,
"व्हॉल्व्हचं कोटेशन नोव्हेंबरपासून पडून होतं.
बावन्न हजारांचं. ते का नाही मंजूर झालं?"

खुर्चीला कंठ फुटावा तसे सगळे माझ्याकडे बघू लागले.
एसीचा आवाज किती मोठा असतो, तेव्हा कळलं.
साहेबांनी मान हलवली.
"हा फार महत्त्वाचा..." म्हणाले,
आणि थांबले.
पाणी प्यायले.
मग चष्मा काढून, अगदी घरच्यासारखं,
"घोरपडे, तो कागद तुमच्याच फायलीत होता ना?"

होता.
वर पेन्सिलीने लिहिलंही होतं, माझ्याच अक्षरात:
पुढल्या वर्षी बघू.

बाईंनी टाळी वाजवली.
"वा! हाच प्रश्न विचारणार ते.
ह्याची तयारी करायला हवी.
अर्धा दिवस जादा लागेल."

ते बिल आज आलं. एकोणसाठ हजार.
सोबत पेन ड्राइव्ह, नग एक.
सगळे गेल्यावर मी तो लावला,
आवाज अगदी कमी ठेवून.
माझा प्रश्न बरा वाटला. उच्चार स्वच्छ.
साहेबांची शांतता मोजली: पंधरा सेकंद.
मग त्यांचा प्रश्न येतो,
आणि पडद्यावर रिकामी भिंत, माझा खांदा,
कागदाचं टोक थरथरतंय.

एकोणीस.

कारकुनांच्या प्रशिक्षणासाठी
ह्या वर्षी तरतूद नाही.
मी शिक्क्याची शाई बघितली. ओली होती.