दुरुस्तीचा अर्ज

महिन्याच्या सहा-सात तारखेला फोन वाजतो, एकदाच.
सुगंधाचे दीड हजार आले.
सुगंधा जाऊन तिसरा महिना.

बँकेतला पोरगा म्हणाला, काढून घ्या काका, कोण बघतंय.
मी पासबुक पिशवीत घातलं.
तिच्या पैशाची साखर आणणं वेगळं,
तिच्या नसण्याची साखर आणणं वेगळं.

बावीस वर्षं मी तिला सिद्ध करत आलो.
नोव्हेंबर लागला की हयातीचा दाखला.
तिसऱ्या मजल्यावरून पाठुंगळी घेऊन खाली,
कन्नमवार नगरचे जिने, प्रत्येक वळणावर एक श्वास.
तिच्या डाव्या हाताला जोर नाही
म्हणून उजव्याची मिठी जरा जास्तच घट्ट.
"हळू," म्हणायची, "सरकारी माल आहे."

आणि तिथे पोचून अंगठा लागायचा नाही.
बोटं वाकलेली, रेषा पुसट,
यंत्राला ती माणूस वाटायचीच नाही. लाल.
पुन्हा लाल.
मी तिचा अंगठा तळव्यात घेऊन चोळायचो,
तोंडाची वाफ द्यायचो, सदऱ्याला पुसायचो.
"आहे का मी? विचार त्याला."
मग कधीतरी हिरवा.

आता मृत्यूच्या दाखल्यावर नाव पडलंय
सुनंदा दत्ताराम मयेकर.
टायपिंगमध्ये होतं असं, म्हणाले.
म्हणजे कुणी सुनंदा वारली
माझ्या खोलीत, माझ्या मांडीवर,
पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी
(बादली भरून वाहत होती, मी उठलो नाही)
आणि सुगंधा आहे.
तिचं सगळं वेळच्या वेळी जमा होतंय.

आधी नाव दुरुस्त करून आणा,
तोवर पेन्शन बंद करता येणार नाही.
म्हणजे तिला मारायचा अर्ज मीच करायचा.
दोन प्रतींत.
खाली सही, वर सत्य प्रत.

"आणि तुमचं काय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.
आवाज वाईट नव्हता.
वॉचमन होतो, म्हटलं. ती पडली तेव्हा सोडलं.
त्यांनी यादीवरून पेन खाली नेला:
विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अनाथ,
पुन्हा वर आणला, जणू मधेच कुठे सांडला असेन.
"विधुर नाहीये हो ह्याच्यात.
पासष्टचे झालात की या."
मी एकसष्टचा.
त्यांच्या टेबलावर डबा अर्धा उघडा, भेंडीची भाजी,
दीड वाजून गेला होता.

येताना बसमध्ये सवयीने पास पुढे केला.
सोबत्याचा पास. कंडक्टरनं उलटसुलट बघितला.
"सोबत कुणाच्या?"
तिकीट घेतलं.

खुर्ची घरातच आहे. तिच्यावर कांदे-बटाटे ठेवतो.
एकदा बसून बघितलं रात्री.
दाराकडे तोंड करून.
उंबऱ्यापाशी चाकं अडतात, हे मला
बावीस वर्षं मागून ढकलताना
इतकं कधी लागलं नव्हतं.

आज पुन्हा रांगेत.
पुढे एक म्हातारी, भांडी घासून घासून
अंगठ्याचा कागद झालेला.
लाल. लाल. मागचे चुकचुकायला लागले.
मी विचारलंही नाही.
तिचा हात घेतला, चोळला, वाफ दिली,
सदऱ्याला पुसला.
ती अवघडून दुसरीकडे बघत राहिली.
हिरवा.

मग आतून पुकारा झाला:
"सुनंदा मयेकर! सुनंदा मयेकरचं कोण आहे?"

बाकावरचं कुणी हललं नाही.
मीही नाही.

पुन्हा पुकारा झाला.
मग उठलो.